घरी फ्यूल पंप बदलला, मग हिशोब मांडला : मजुरीचा दर कसा ठरवायचा?



या आठवड्याचा व्हिडिओ बघून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, ताई, हे धंदा शिकवायचं चॅनल आहे की गॅरेजचं? प्रश्न रास्त आहे. पण माझं दुकान स्पेअर पार्टचं आहे, बीबीए झाल्यावर मी बाबांच्या गल्ल्यावर बसले ती अजून तिथेच आहे, आणि धंद्यातलं मला जे काही कळलं ते पार्ट विकतानाच कळलं. त्यामुळे आज उदाहरण फ्यूल पंपाचं. गाडीत रस नसला तरी वाचा. तुम्ही ब्लाऊज शिवत असाल, एसी दुरुस्त करत असाल किंवा केटरिंग करत असाल, मजुरी लावायचा प्रश्न तुमच्याही समोर आहे.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा केला. प्रत्यक्ष काम साडेपाच तास चाललं. कापलेल्या भागात काय होतं ते इथे लिहिते, कारण खरा धडा तिथेच आहे.

झालं असं. चिपळूणहून कराडला परत येत होतो. गाडी आमची पाच सीटची पेट्रोल एसयूव्ही, सात वर्षं जुनी. मागे दोन्ही मुलं आणि सासूबाई. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला की उचकी देते, पाय सैल केला की सरळ चालते. वळणावर मागून ट्रक, पुढे चढ, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकतेय. हेळवाकला वर पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. त्याआधी पंधरा दिवस सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागत होता, मागच्या सीटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी पार्ट विकते, मला कळायला हवं होतं. पण स्वतःच्या घरच्या गाडीकडे बघायला वेळ कुणाला असतो!

आधी पंप थोडा समजून घ्या

आजच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो. एक छोटी इलेक्ट्रिक मोटर, खाली जाळी, बाजूला प्रेशर रेग्युलेटर, पेट्रोल किती आहे ते सांगणारा तरंगता फ्लोट, हे सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात. त्या डब्याला मॉड्यूल म्हणतात. बऱ्याच गाड्यांमध्ये फिल्टरही त्यातच असतो. साध्या इंजेक्शनच्या गाडीत हा पंप साधारण 3 ते 4 बार प्रेशर देतो. मोटर थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं. म्हणून जे लोक कायम रिझर्व्हवर गाडी पळवतात त्यांचा पंप तापून लवकर जातो. दोनशे-दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे सांगते. तो हसतो, आणि दोन वर्षांनी पंप घ्यायला येतो.

चावी ऑन केल्यावर, स्टार्टर मारायच्या आधी, मागून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज येतो. तो पंपाचा. तो आला नाही म्हणजे पंप गेला, असं सगळे समजतात. इथेच मी एकदा फसले होते.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण दुकानात आला. गाडी स्टार्ट होत नाही, पंपाचा आवाज नाही, पंप द्या. मी मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, पंप दिला. गल्ल्यात सात हजारांवर रक्कम आली, दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी तो पंप घेऊन परत. गाडी बंदच. खराब होता तो रिले, अडीचशे रुपयांचा. पण पंप टाकीत घातलेला, पेट्रोलचा वास लागलेला, आणि इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही हे बिलावर छापलेलं. मी बिलावर बोट ठेवलं. नियमाने मी बरोबर होते. तो काही न बोलता गेला. त्यानंतर त्याच्या गावातून येणारी चार-पाच नेहमीची गिऱ्हाइकंही हळूहळू दिसेनाशी झाली. सात हजारांच्या विक्रीवर मला सुटले असतील चौदाशे-पंधराशे. गमावलं किती, ते आजही मोजता येत नाही.

आता दुकानात नियम आहे. तपासणी केल्याशिवाय पंप विकायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं "तुम्ही फक्त द्या हो", तरी नाही. टेस्ट लॅम्प पाचशे रुपये डिपॉझिटवर घरी न्यायला देते. महिन्याकाठी दोन-तीन पंप कमी विकले जातात, ते जाऊ द्या.

तपासणी तरी काय? फ्यूज बघा. रिले काढून त्याच नंबरचा दुसरा रिले तात्पुरता लावून बघा, हॉर्नचा रिले बऱ्याचदा तोच असतो. मग पंपाच्या कनेक्टरवर करंट येतो का बघा, पण कनेक्टर लावलेला असताना, मागच्या बाजूने. काढलेल्या कनेक्टरवर मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो, कारण वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटरला ती पुरते, मोटरला पुरत नाही. अर्थिंगही याच पद्धतीने. शेवटी प्रेशर गेज. माझ्या गाडीत फ्यूज ठीक, रिले ठीक, पंप चालू असताना व्होल्टेज 12.1. प्रेशर मात्र 3.5 हवं तिथे 2.1. म्हणजे मोटर फिरते, पण जोर नाही. जाळी तुंबली असेल, फिल्टर तुंबला असेल, रेग्युलेटर गेला असेल किंवा मोटर झिजली असेल. चारही गोष्टी त्याच डब्यात, म्हणून पूर्ण मॉड्यूल घेतला. नुसती मोटर पावणेदोन हजारांत मिळते, पण सात वर्षं जुन्या डब्यात नवी मोटर घालून तेच काम वर्षभरात परत करायची माझी तयारी नव्हती.

काम कसं झालं

सगळ्यात आधी सीटखाली बघा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्यावर एक झाकण असतं, त्यातून पंप वरून निघतो. काहींत झाकणच नसतं, टाकी खाली उतरवावी लागते. झाकण नसेल तर घरी हात घालू नका. डिझेल गाडीचं गणित पूर्ण वेगळं. आणि डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी असेल तर इंजिनाजवळच्या हाय प्रेशर पंपाला हात लावायचा नाही, तिथे शंभर बारच्या वरचं प्रेशर असतं.

टाकीत पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल असताना काम करा. जास्त असेल तर गाडी फिरवून संपवा. नळी तोंडाने ओढणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पेट्रोल काढून ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना स्वतःच्या वापरासाठी 30 लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवायला सूट आहे आणि भांडं कसलं हवं तेही दिलेलं आहे. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली त्यात बसत नाही. ज्यांना पुढे गॅरेज टाकायचंय त्यांनी हे आजच वहीत लिहून ठेवा.

मी गाडी अंगणात घेतली, चारी दारं उघडली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते. त्यामुळे बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये हे काम करायचंच नाही. ड्राय पावडरचा अग्निशामक सिलिंडर हाताशी, अंगात सुती कपडे, उजेडाला एलईडी टॉर्च.

मग प्रेशर उतरवायचं. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, परत दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. क्रम उलटा करू नका, बॅटरी आधी काढली तर प्रेशर उतरवणार कसं?

सीट उचलली, झाकणाचे चार स्क्रू काढले. खाली सात वर्षांची धूळ, शेंगांची टरफलं आणि हरवलेला एक डोरेमॉन. इथे घाई केली तर ती सगळी धूळ टाकीत जाते आणि नवा पंप सहा महिन्यांत तुंबतो. आधी कोरडा ब्रश, मग ओलसर फडकं, पत्रा चकचकीत होईपर्यंत. अर्धा तास याच्यात गेला. व्हिडिओत हे चार सेकंद दिसतं.

इलेक्ट्रिकल कनेक्टर काढला. पेट्रोलच्या नळीच्या क्विक कनेक्टरवर फडकं गुंडाळलं, आधी नळी आत ढकलून मग दोन्ही बाजूंचे कान दाबून बाहेर ओढली. नुसती ओढाताण केली तर कान तुटतो आणि चाळीस रुपयांच्या प्लॅस्टिकसाठी अख्खी नळी बदलावी लागते. प्रेशर उतरवूनही चमचाभर पेट्रोल आलंच.

आणि मग लॉक रिंग. मॉड्यूलला टाकीवर दाबून धरणारी ही मोठी चुडी. बरेच मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडीने ठोकून ती फिरवतात. माझ्या दुकानाच्या फिटरनेही फोनवर तेच सांगितलं, "दोन ठोके मारा ताई, फिरते." लोखंडावर लोखंड, खाली पेट्रोलची वाफ. मी मारले नाहीत. रिंग काढायचा तीन पायांचा पाना माझ्याकडे होता, पण तो या मापाचा निघाला नाही. स्पेअर पार्ट विकणारीकडे स्वतःच्या गाडीच्या मापाचं हत्यार नाही! भावाला गावात पाठवला. तो दुसरा पाना घेऊन येईपर्यंत दीड तास गेला.

दुपारी एकला सुरू केलेलं काम, माझा अंदाज होता तीन तासांचा. सव्वासहाला मी रिंग फिरवली, मॉड्यूल तिरका करत हळूहळू वर काढला (सरळ ओढला तर फ्लोटची काडी वाकते आणि मग काटा कायम चुकीचं पेट्रोल दाखवतो), ट्रेमध्ये ठेवला. टाकी उघडी. तेवढ्यात शेजारच्या काकू रोजच्यासारख्या तुळशीपाशी आल्या. हातात पेटवलेली निरांजन.

तुळस गाडीपासून दहा-बारा फुटांवर. मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले की काकूंच्या हातातलं ताट हललं. त्या तशाच मागे फिरल्या, आत गेल्या. मी टाकीच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिले. माझी आठ वर्षांची मुलगी दारात उभी राहून सगळं बघत होती. सिलिंडर होता, एलईडी होता, सुती ड्रेस होता, सगळी तयारी होती. फक्त संध्याकाळी सव्वासहाला अंगणात काय घडतं हे लग्न झाल्यापासून रोज बघूनही माझ्या नियोजनात नव्हतं. हा भाग कॅमेऱ्यात आहे, पण व्हिडिओत टाकला नाही, काकूंना ते बरं वाटलं नसतं. त्यांना विचारूनच इथे लिहिलं आहे.

तेव्हा हे काम करायचं तर सकाळी सुरू करा, आणि घरातल्यांना, शेजाऱ्यांना आधी सांगा. गिझर, गॅस, अगरबत्ती, विडी, सगळं आलं.

पुढचं पटकन झालं. टाकीत टॉर्च मारून बघितलं, तळाला काळसर गाळ होता पण थोडा, स्वच्छ फडक्याने टिपून घेतला. ओ-रिंग नवीनच टाकायची, जुनी पेट्रोलमध्ये फुगलेली असते, परत नीट बसत नाही. नवा मॉड्यूल घालताना त्याच्यावरचा बाण टाकीवरच्या खुणेसमोर आणायचा, नाहीतर आत फ्लोट अडकतो. रिंग आधी हाताने, मग पान्याने, खुणेपर्यंत. नळी लावली की 'टक्' आवाज आलाच पाहिजे, मग ओढून बघा. बॅटरी लावून चावी तीन वेळा ऑन-ऑफ, दर वेळी तीन सेकंद, म्हणजे लाइनमध्ये प्रेशर भरतं. मग हाताने आणि नाकाने तपासा. ओलावा नाही, वास नाही, तरच झाकण आणि सीट. गेजवर 3.5 आलं, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. साडेसहा वाजले होते.

पंप घेताना एक विचारा. 2023 च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांचे पार्ट 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे असतात. जुन्या गाडीसाठी पार्ट घेताना तो ई-20 ला चालतो का हे दुकानदाराला विचारून घ्या. त्याला माहीत नसेल तर दुसरीकडे जा.

आता हिशोब

गॅरेजचं कोटेशन मी आधीच घेतलं होतं. मॉड्यूल 9,400, ओ-रिंग 180, मजुरी 2,800, मजुरीवर 18 टक्के जीएसटी 504. एकूण 12,884.

माझा खर्च : मॉड्यूल मला दुकानदार भावात 7,300, ओ-रिंग 180, नवा पाना 650, हातमोजे-फडकी वगैरे 250. झाले 8,380. घरात सगळे खूश, साडेचार हजार वाचले! पण तुम्ही माझे विद्यार्थी आहात, तुम्ही इथे थांबायचं नाही. माझा वेळ कुठे गेला? माझं दुकान महिन्याला मालाची किंमत वजा जाता 78,000 कमावून देतं. 26 दिवस, रोजचे दहा तास, म्हणजे 260 तास. तासाला 300 रुपये. साडेपाच तासांचे 1,650. माझा खरा खर्च 10,030, वाचले 2,854.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर? मॉड्यूल 9,400 लाच मिळाला असता. बाकी तेच धरून 10,480. पहिल्यांदा करताय म्हणून आठ तास धरू, तासाचा दर माझाच धरू, 2,400. एकूण 12,880. वाचले चार रुपये. त्यात सिलिंडर विकत घ्यायचा असेल तर हजारभर रुपये खिशातून वर. शिकायची हौस असेल, हत्यारं परत वापरणार असाल, तर जरूर करा. पैसे वाचतात म्हणून करत असाल तर आधी कागदावर मांडा.

आता कागद उलटा करा. गाडीवाला म्हणून नाही, गॅरेजवाला म्हणून बघा. मिस्त्री हेच काम दीड तासात करतो आणि 2,800 मागतो. गिऱ्हाईक घड्याळ बघून म्हणतं, दीड तासाचे एवढे? नवीन उद्योजक इथेच घाबरतो आणि 1,200 वर येतो. त्या 2,800 मध्ये काय आहे? चारही मापांचे पाने आहेत, जे माझ्याकडे नव्हते. प्रेशर गेज, जागेचं भाडं, हेल्परचा पगार, काम नसलेल्या दिवसांचा खर्च आहे. आणि रिंग न ठोकता काढायची अक्कल आहे. माझे साडेपाच तास विरुद्ध त्याचा दीड तास, मधल्या चार तासांची किंमत गिऱ्हाईक देतं. कमी वेळ लागतो म्हणून दर कमी करणं म्हणजे चांगलं काम येतं याचा स्वतःलाच दंड.

दोन ओळी मात्र कोटेशनमध्ये बहुतेक जण लिहीत नाहीत. एक, तपासणीची फी, वेगळी. माझ्या दुकानात आता फिटर तपासणीचे 400 घेतो, काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा. रिले खराब निघाला तर गिऱ्हाईक 650 मध्ये मोकळं होतं आणि आयुष्यभर आपलं राहतं. दुसरी, परत आलेल्या कामाची तरतूद. दर फिटिंगच्या मजुरीतून 200 रुपये मी वेगळ्या डब्यात टाकते. एखादी गाडी गळती घेऊन परत आली तर ती फुकट करून द्यायचे पैसे तिथून. त्यामुळे गाडी परत आली की फिटरचं तोंड वाकडं होत नाही.

एक सावधगिरी, ही मला सीएने सांगेपर्यंत माहीत नव्हती. नुसता माल विकत असाल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख उलाढालीची आहे. पण त्याच दुकानात फिटिंगची मजुरी घ्यायला लागलात की तुम्ही सेवाही देता, आणि मर्यादा 20 लाखांवर येते, तीही माल आणि मजुरी मिळून. स्पेअर पार्टचं दुकान 20 लाख कधी ओलांडतं ते कळतही नाही. फिटर ठेवायच्या आधी सीएकडे एक चक्कर मारा.

या आठवड्याचं काम : तुमच्या धंद्यातलं एक नेहमीचं काम निवडा, शेवटचं केलं होतं तेव्हा खरोखर किती वेळ लागला ते आठवून नाही, पुढच्या वेळी घड्याळ लावून लिहा. तासाचा दर वर दाखवला तसा काढा. मग तुम्ही लावता तो दर शेजारी ठेवा.

जुना मॉड्यूल मी फेकला नाही. फिटरकडून कापून घेतलाय, आतली काळी पडलेली जाळी दिसते. काउंटरवर ठेवलाय, रिझर्व्हवर गाडी चालवणारा कोणी आला की आधी तो त्याच्या हातात देते. काकूंची निरांजन आता रोज अंगणात गाडी आहे का बघून बाहेर येते.